येऊ का?

१

नको असलेल्या फोनांच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. ऐकणं म्हणजे अक्षरशः ऐकणं. कुणाला दिवसभर कर्जाचे, विम्याचे, प्लॉटचे फोन येतात. तो वैतागून आमच्या ऑफिसात तक्रार करतो. आम्ही त्या कंपनीला विचारतो, या माणसाला फोन करायची परवानगी तुम्हाला दिली कुणी? कंपनी म्हणते, त्यानंच दिली, हे घ्या रेकॉर्डिंग. ते रेकॉर्डिंग माझ्या टेबलावर येतं. माणूस खरंच ‘हो’ म्हणाला असेल तर तक्रार बंद. नसेल म्हणाला, तर कंपनीला दंड.

हेडफोनच्या डाव्या कानात तक्रारदार येतो, उजव्या कानात फोन करणारा. दोघांचे आवाज वेगवेगळे ठेवलेले असतात, म्हणजे कोण काय बोललं यात घोळ होत नाही. या कामात वर्षं काढली की कान तिखट होतात. डाव्या कानात मला लोकांची घरं ऐकू येतात. पंखा, गळका नळ, टीव्ही, पलीकडच्या खोलीत रडणारं मूल. उजव्या कानात मात्र कायम बाजार. एका हॉलमध्ये कोंबलेली माणसं एकच वाक्य घोकत असतात, त्याचा कलकलाट.

शेजारच्या टेबलावर ताई बसायच्या. वयानं आणि हुद्द्यानं माझ्यापेक्षा मोठ्या, निवृत्तीला टेकलेल्या. प्रत्येक बंद तक्रारीवर त्यांचं एक वाक्य ठरलेलं: “हो म्हणाला की मेला.”

डबा खाताना मी आईला फोन करायचे. बाबा गेल्यापासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहायची. आमच्याकडे ये म्हटलं की म्हणायची, “माझी भांडी तुझ्या कपाटात मावायची नाहीत.” जाहिरातवाल्यांचे फोन ती आवडीनं घ्यायची. “एक पोरगा मला कर्ज देत होता,” तिनं एकदा सांगितलं. “मी म्हटलं, बाळा, घसा बसलाय तुझा, गरम पाणी पी. तर त्यानं फोनच ठेवला.” शेवटी मीच तिचा नंबर ‘फोन नकोत’च्या यादीत घातला. यादीतल्या नंबरला कुणी फोन करायचा नसतो.

“दिवसातून दोन माणसं बोलायची माझ्याशी,” आई म्हणाली, “तीही बंद केलीस.”

मी हसले होते. तीही हसली होती.

२

ती तक्रार चित्रकलेच्या एका निवृत्त बाईंची होती. एकट्या राहणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं, की एक गृहस्थ रोज फोन करतात, विकत काहीच नाहीत, नुसती घराची चौकशी करतात, ते थांबवा.

कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. एरवी कंपन्या उत्तर द्यायला आठवडे लावतात. यांचं उत्तर त्याच दुपारी आलं, रेकॉर्डिंगसकट.

मी हेडफोन लावला. डाव्या कानात बाईंचं घर होतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, खाली रस्त्यावर कुठेतरी कुत्रं. उजव्या कानात काहीच नव्हतं. काहीच नाही म्हणजे शांतता नव्हे. शांत खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, हे माझ्यासारखीला कुणी शिकवायला नको. इथे खोलीच नव्हती.

त्यातून एका पुरुषाचा आवाज आला. मऊ, मध्यमवयीन, कुठल्याही गावचा न वाटणारा. घरात खोल्या किती? दार आत उघडतं की बाहेर? दुपारी घरी कोण असतं? बाई आधी तुटक बोलत होत्या. मग त्यांच्या गुडघ्यांचा विषय निघाला, खिडकीतल्या कबुतरांचा निघाला, आणि त्या मोकळ्या झाल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मधूनमधून तो फक्त म्हणायचा, “मग?”

“बरं बाई,” शेवटी तो म्हणाला. “पुष्कळ वेळ घेतला तुमचा. येऊ का?”

“हो, या,” बाई म्हणाल्या.

संमतीचं रेकॉर्डिंग एवढंच. पण म्हाताऱ्या माणसांना फोन बंद करायचं बटण पटकन सापडत नाही, तेवढ्यात दोनचार क्षण आणखी रेकॉर्ड झाले होते. त्या क्षणांत माझ्या उजव्या कानात घड्याळ टिकटिकायला लागलं. तेच घड्याळ. मग कुत्रं भुंकलं. आधी उजव्या कानात आणि नंतर डाव्यात.

मी ते पुन्हा ऐकलं. हेडफोन उलटा घालून ऐकलं. मग ताईंच्या हातात दिला.

“लाइन मिसळली असेल,” ताई म्हणाल्या.

“पण ही संमती कशी? तो निरोप घेतोय ताई. आपण निघताना जाऊ का म्हणतो का? येऊ का असंच म्हणतो. आणि समोरचा या म्हणतो.”

“तो येऊ का म्हणाला, ती या म्हणाली. नियमात बसतं. हो म्हणाली की...”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. शेवटचा तुकडा त्या पुन्हा ऐकत होत्या. मग त्यांनी हेडफोन काढला, उजव्या कानाकडची बाजू रुमालानं पुसली आणि तो मला परत दिला. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या.

३

तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराला एकदा विचारावं लागतं. मी बाईंना फोन लावला.

“नाही हो, आता नाही येत त्यांचे फोन,” त्या खुशीत म्हणाल्या. “आता कशाला करतील फोन?”

“मग तक्रार बंद करू ना?”

“थांबा हं.” त्यांनी फोनवर हात ठेवला. हाताआडून त्यांचा आवाज आला. “तक्रार बंद करू का विचारतायत.” जरा वेळ गेला. उत्तर काही मला ऐकू आलं नाही. “हो, करा म्हणतायत.”

“कोण म्हणतंय, बाई? तुम्ही एकट्या राहता ना?”

“राहत होते,” बाई म्हणाल्या, आणि विचारू नये ते मी विचारल्यासारखा त्यांनी फोन ठेवून दिला.

मी त्या कंपनीच्या जुन्या तक्रारी काढल्या. होत्या बऱ्याच. त्यातली एकही आम्हाला सोडवावी लागली नव्हती. सगळ्यांवर शेवटी तोच शेरा, ‘फोन थांबले, तक्रारदार समाधानी.’ असल्या शेऱ्यांवर साहेब खूश असतात. यातल्या काही शेऱ्यांखाली माझीच सही होती.

मी त्यातल्या काहींना फोन केले. सगळे एकटे राहणारे. सगळे मजेत. पण प्रत्येक जण उत्तर द्यायच्या आधी थांबायचा, कुणाकडे तरी बघून बोलावं तसा. एक निवृत्त बसड्रायव्हर होते. ते कुणाला विचारत नव्हते. माझा प्रत्येक प्रश्न ते फोन बाजूला धरून सावकाश, तोडून तोडून म्हणायचे. लहान मुलाला शब्द शिकवताना म्हणतो तसे.

मी स्वतःची समजूत घातली. एकटा माणूस जन्मभर एकटाच राहावा असा काही कायदा नाही. कुणाकडे भाचा राहायला येतो, कुणी भाडेकरू ठेवतं. आणि आवाजांचं म्हणाल तर आजकाल लाइनवर काय वाट्टेल ते होतं. सगळं पटण्यासारखं होतं. तरी संध्याकाळी घरी कुलूप उघडताना मी आधी दाराला कान लावला.

४

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी आईला फोन केला. म्हटलं, तिला नीट बजावून ठेवावं.

“जेवलीस का?”

“हो. आणि तुझ्या त्या यादीला कुणी भीक घालत नाही बघ,” आई म्हणाली. “सकाळी आला होता एक फोन.”

“कर्जवाला?”

“छे. फार चांगला बोलत होता. खोल्या किती, दार कुठे उघडतं, असलंच काहीतरी विचारत होता. मोजणीवाला असेल कुणी. मग तुझ्या बाबांचा विषय निघाला. किती वेळ बोलत बसले मी.”

कँटीनमध्ये माझ्या आजूबाजूला थाळ्या वाजत होत्या. मी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

“आई, शेवटी काय म्हणाला तो?”

“शेवटी काय म्हणणार? येऊ का म्हणाला.”

“आणि तू?”

“या म्हटलं. आणखी काय म्हणतात?”

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. “आई, आत्ता घरात कोणी आहे?”

“थांब हं,” आई म्हणाली, आणि तिनं फोनवर हात ठेवला.

५

तिच्याकडे पोचायला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. बसमध्ये मी नवऱ्याला फोन लावत राहिले, त्यानं उचलला नाही. पोलिसांना करावा म्हटलं, तर सांगणार काय? माझी आई एका माणसाला या म्हणाली?

आईनं दार उघडलं ते तोंडावर बोट ठेवूनच. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे.

“हळू बोल,” ती कुजबुजली. “आत आहेत.”

बाहेरच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला अभ्रा, खिडकीशी बाबांची खुर्ची.

“तू अनोळखी माणसाला दार उघडलंस?”

“दार कुठे उघडलं? बेल वाजलीच नाही. मी फोन ठेवून वळले, तर आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं.”

“आणि मला फोन नाही करायचा?”

“तुझी डब्याची वेळ झाली नव्हती,” आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

भामटा असेल, मी स्वतःला सांगत होते. गच्चीवरून आला असेल, बाल्कनीतून आला असेल. गोड बोलून घरात शिरणाऱ्यांच्या कहाण्या मी रोज ऐकते. शिलाई मशीनवरची कात्री मी उचलली आणि आतल्या खोलीचं दार ढकललं.

पडदे ओढलेले होते, कडांतून दुपारचं ऊन आत येत होतं. पंखा फिरत होता. आईच्या त्या पंख्याची कुरकुर खालच्या मजल्यापर्यंत जाते, त्यावरून भांडणंही झालेली. आत्ता तो फिरताना दिसत होता आणि आवाज येत नव्हता. माझ्या स्वतःच्या श्वासाचाही येत नव्हता.

कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात कुणीतरी उभं होतं. गच्च भरलेल्या लिफ्टमध्ये माणूस उभा राहतो तसं, भिंतीला तोंड लावून. मला पाठ दिसली. कसलासा फिका शर्ट, सरळ खाली सोडलेले हात. गुडघे हळूहळू वाकत होते, अर्ध्यावर थांबत होते, परत सरळ होत होते. मग पुन्हा वाकत होते.

“त्यांना अजून बसता येत नाही,” आई माझ्या कानाशी म्हणाली. “मघापासून सांगतेय बिचाऱ्यांना, बसा, बसा.”

“बसा,” कोपऱ्यातून आवाज आला. शब्द आईचा, हेल आईचा. आवाज मात्र मी ओळखला.

६

मी आईचं कोपर धरलं. तिचा चष्मा, औषधांची पिशवी, स्वेटर, हाताला लागलं ते बॅगेत कोंबलं.

“असं कसं निघायचं?” ती म्हणत होती. “घरात माणूस आहे.”

“त्याला जा म्हण.”

“घरी आलेल्याला जा म्हणतात का? तुला काही शिकवलंय की नाही मी?”

“जा,” मीच आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. काही झालं नाही. आणि तेव्हा मला आमच्या ऑफिसचा नियम आठवला. ज्यानं संमती दिली, त्यालाच ती मागे घेता येते. असल्या वेळी हसू यावं हे भयंकर आहे, पण मला ते येत होतं.

“आई, तू म्हण. माझ्यासाठी म्हण.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझी अवस्था तिला दिसली असावी. उंबऱ्यावर उभी राहून, लहानपणी मला उठवायची त्या आवाजात ती म्हणाली, “आम्ही निघतोय हं. तुम्हीही आता जा.”

आत काही हललं नाही. मग एक पाऊल वाजलं. पुष्कळ वेळानं दुसरं. पाय कुठे टाकायचा हे ठरवून, मग टाकल्यासारखं. तिसरं त्याहून लवकर आलं.

मी आईला बाहेर ओढलं, दार लोटलं आणि बॅग घेऊन जिना उतरायला लागले. “चल, चल लवकर,” मी म्हणत होते. आई कुलपाशी झटत होती. तिचं कुलूप नेहमीच अडायचं. मी अर्ध्या जिन्यात असताना दारामागून, अगदी लाकडाला ओठ लावून बोलावं तसा आवाज आला. रागाचा नव्हता. चौकशीचा होता.

“कुठे?”

मी उरलेला जिना पळत उतरले. रस्त्यावर टॅक्सी थांबवून वर पाहिलं, तर आई सावकाश, कठड्याला धरून खाली येत होती.

टॅक्सीत ती म्हणाली, “तू रोज विचारतेस जेवलीस का. मी म्हणते हो. संपलं. तो म्हणायचा, मग?”



७

संध्याकाळी नवरा दोन पोलिसांना घेऊन तिकडे जाऊन आला. घर रिकामं होतं. कपाट बंद, बाल्कनीला आतून कडी, काही हललेलं नाही. पंखा चालू राहिला होता, तो त्यानं बंद केला.

“केवढा कुरकुरतो तो पंखा,” घरी आल्यावर तो म्हणाला.

तो माझ्याशी जपून बोलत होता. दिवसभर कानात अनोळखी माणसांचे आवाज, त्यात एकट्या आईची काळजी, असं व्हायचंच. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. कंपनीच्या नंबरावर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं उत्तर येत होतं. मी साहेबांना सगळं नाही, पण पुरेसं सांगितलं. त्यांनी त्या कंपनीचे नंबर बंद करायचा आदेश काढला. जे नंबर नव्हतेच, ते बंद झाले. ताईंनी निवृत्ती चार महिने अलीकडे घेतली. निरोपाच्या दिवशी त्या कुणालाही येते म्हणाल्या नाहीत. नुसती मान हलवून गेल्या.

आई आमच्याकडे राहायला आली. तिला नवा नंबर घेऊन दिला, तो आम्हा दोघांशिवाय कुणाला दिला नाही. ती गप्प झाली होती. दिवसा आम्ही दोघंही कामावर, ती खिडकीशी बसून राहायची. भांडी खरंच माझ्या कपाटात मावली नाहीत. अर्धी खोक्यातच राहिली. मी डब्याच्या वेळी फोन करायचे आणि आता जेवलीस का एवढ्यावर थांबायचे नाही. काय केलंस, मग काय झालं, असं मुद्दाम विचारायचे. ती एका शब्दात उत्तरं द्यायची.

आणि मग एक दिवस तिनं फोन उचलला तो हसतच. किती दिवसांनी तो आवाज ऐकला. शिलाई मशीन आणायला हवं म्हणाली, पडदे शिवायचे आहेत म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की घास हातातच राहिला.

“एक सांगू?” ती म्हणाली. “रागावू नकोस हं.”

“सांग की.”

“त्या दिवशी तू खाली पळालीस. मी कुलूप लावत होते. तो विचारत होता ना, कुठे म्हणून. तू गेल्यावरही विचारत होता. सारखा. मला फार वाईट वाटलं गं. माणसाला जा म्हणायचं, तर कुठे ते तरी सांगावं.”

“आई.”

“मग मी सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“काय सांगणार? माझ्या घराशिवाय मला तुझाच तेवढा पत्ता पाठ आहे.”

मी उभी राहिले. डबा सांडला असावा, शेजारचं कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. आईमागे आमच्या घराचा आवाज असायला हवा होता. फ्रिजची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न. मी कान दाबून ऐकलं. तिच्या आवाजामागे काहीच नव्हतं.

“आई, नीट ऐक,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता दार उघड आणि बाहेर जिन्यात येऊन उभी राहा. मी निघाले.”

“एवढी कसली घाई? काम सोडून नको येऊस,” आई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. कुणाकडे तरी बघून बोलावं तसा. “सावकाश ये. आम्ही घरीच आहोत.”